जोडधंदा आणि उधारीची वही

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे मूळ गाव, कुलदैवत, स्थलांतराचा काळ, पहिला पदवीधर, पहिला सरकारी अधिकारी यांच्या नोंदी आपण आवर्जून करतो. वार्षिक स्मरणिकांची पाने अशाच मजकुराने भरलेली असतात व ते योग्यही आहे. परंतु मुंबईत आलेल्या त्या पहिल्या पिढीचे घर एका पगारात चालले कसे, गावी मनीऑर्डर गेली कशी आणि त्या पदवीधराची फी भरली कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्या पानांत बहुधा सापडत नाही. ते उत्तर पुष्कळ घरांत एकाच शब्दात देता येईल : जोडधंदा. या जोडधंद्याचा इतिहास लिहिला जात नाही, कारण तो बहुतांशी स्त्रियांनी केला आणि त्याची वही स्वयंपाकघराच्या फडताळात राहिली.

पुरुषांनी जोडधंदा केलाच नाही असे नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असतानाच सायकली खरेदी करून बेळगावी आपल्या बंधूंकडे, रामूअण्णांकडे, विक्रीस पाठवीत असत, हे सर्वश्रुत आहे. १८८८ मध्ये आरंभिलेल्या त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर व किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण बेळगावी दुकान सांभाळणारा भाऊ प्रत्येकाच्या नशिबी नसतो. सामान्य कारकून संध्याकाळी एखाद्या पेढीवर हिशेब लिही, शिक्षक शिकवणी करी, कोणी विम्याचे काम पाही. सरकारी नोकरांना तर तीही वाट निर्वेध नव्हती. केंद्र सरकारच्या सेवकांसाठी १९६४ साली जे वर्तन-नियम झाले, त्यांनुसार पूर्वपरवानगीवाचून व्यापारधंदा करता येत नाही. एवढेच नव्हे, तर पत्नीच्या नावे विम्याची एजन्सी असेल आणि तिच्यासाठी साहेबमजकूर स्वतः गिऱ्हाईक गाठू लागले, तर तोही नियमभंगच ठरतो. (आपल्यातील कित्येक वडीलधाऱ्यांना हे कलम वाचून आजही ठसका लागेल!) घरातील व्यक्ती स्वतःच्या कष्टाने धंदा करीत असेल, तर मात्र तो लपवावयाचा नसून कार्यालयास कळवावयाचा असतो. पुरुषाचा वेळ व नाव असे दोन्ही नोकरीस बांधलेले असल्यामुळे सचोटीच्या जोडकमाईचा भार साहजिकच घरातील स्त्रीवर आला. पापड, मसाले, शिवणकाम आणि सर्वांत अधिक म्हणजे खाणावळ.

गिरणगावातील खाणावळीचे स्वरूप नव्या पिढीस माहीत असण्याचा संभव कमी, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. कोकणातून व घाटावरून आलेला गिरणी कामगार बहुधा एकटा असे. बायकामुले गावी, आणि तो चाळीच्या एका खोलीत आठदहा गाववाल्यांसह राही. त्याला दोन वेळचे जेवण हवे असे. शेजारच्या खोलीत जी बाई संसार करून राहत असे, ती आपल्या नवऱ्यासोबत आणखी पाच, दहा, पंधरा माणसांचा स्वयंपाक करू लागे. गिरणीच्या पाळ्या असल्यामुळे तिची चूल पहाटे पेटे ती रात्री उशिराच विझे. पहिल्या पाळीचा डबा, रात्रपाळीहून आलेल्याचे जेवण, मधल्या वेळी बाजार, पाणी, भांडी आणि शिवाय स्वतःची मुले. घरभाडे तेच, चूल तीच. त्यामुळे वरवर पाहता हा धंदा भांडवलावाचून होण्याजोगा वाटे.

खरी मेख येथेच होती. गडी जेवे रोज, पण पैसे देई पगार झाल्यावर, म्हणजे महिन्याने. दाणा, तेल, सरपण मात्र रोजच लागे. म्हणजे खाणावळवाली ही प्रत्यक्षात प्रत्येक गड्याला महिनाभराचे बिनव्याजी कर्ज देत असे. आणि हे कर्ज द्यावयास तिच्यापाशी पैसा नसल्यामुळे ती स्वतः वाण्याकडून उधार माल घेई. उधारीच्या गिऱ्हाइकाने भाव विचारावयाचा नसतो. वाणी देईल तो तांदूळ, मांडील तो दर. वाण्याचीही बाकी थकली म्हणजे सावकार. त्याचे व्याज महिन्याच्या हिशेबाने चाले आणि तारण म्हणून बहुधा एकच वस्तू घरात असे, तिच्या गळ्यातील मंगळसूत्र. पंधरा माणसांना जेवू घालणारी बाई वर्षाअखेरीस कर्जातच असावी, हा विरोधाभास कोणा एकीच्या अव्यवहारीपणामुळे घडलेला नाही. धंद्याची घडणच तशी होती.

आणि दुसरी एक गोष्ट, जी ज्ञातिसंस्थेच्या पानांवर स्पष्ट लिहिली पाहिजे. जेवणारे गडी परके नसत. ते गाववाले, भाऊबंद, सोयरे असत. कोणी दीर लागे, कोणी मामा, कोणी माहेरच्या वाडीतला. अशा माणसाच्या ताटासमोर बाकी मागावयाची कशी? मागितली तर गावी बोभाटा, न मागितली तर घरी उपास. ज्ञातीच्या व गावाच्या जिव्हाळ्याने मुंबईत आपल्याला आसरा दिला हे आपण अभिमानाने सांगतो. त्या जिव्हाळ्याची किंमत कोणाच्या वहीत थकली होती, हे सांगावयाचे राहून जाते.

संपाच्या काळी या वहीची परीक्षा होई. १९७४ चा गिरणी संप ४२ दिवस चालला. पगार बंद, पण खाणावळी बंद झाल्या नाहीत. संपवाल्यांना बायकांनी उधारीवर जेवू घातले आणि स्वतः वाण्याच्या व सावकाराच्या दारी अधिक खोल गेल्या. कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात तरुणपणीच उतरलेल्या. खाणावळवालीस दया किंवा देणगी नको, रोख भांडवल हवे, हे त्यांनी अचूक ओळखले. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि दुर्बलांना शेकडा ४ व्याजाने कर्ज देण्याची योजनाही १९७२ पासून होती. पण अंगठा उठविणाऱ्या बाईस बँकेची पायरी चढण्याचे धैर्य कोठून असावे? आणि तारण तरी काय द्यावे? मंडळाने बायकांचे गट केले, एकीसाठी दुसऱ्या जामीन राहिल्या आणि कर्ज मिळाले. हाती रोख रक्कम आल्याबरोबर बाई वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभी राहू लागली. भाव विचारू लागली, दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. धंदा तोच, कष्ट तेच. बदलली ती केवळ पैशाची वाट.

याच मुंबईत, गिरणगावापासून फार दूर नव्हे, गिरगावात त्याआधी १६ वर्षे दुसरा एक प्रयोग झाला होता. तो गुजराती भाषिक भगिनींचा आहे, तरी आपण त्यापासून शिकावे इतका तो मोलाचा आहे. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणी एका इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि पापड लाटू लागल्या. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली व ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्यास विकली गेली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हीच पुढे लिज्जत पापड या नावाने घराघरांत पोहोचलेली संस्था.

आरंभी त्यांनी दोन प्रतींचे पापड केले होते, एक चांगला व एक स्वस्त. छगनबापांनी सल्ला दिला की एकच उत्तम प्रत ठेवा, दर्जात तडजोड करू नका आणि हिशेब चोख लिहा. मोडके पापड शेजारीपाजारी वाटून टाकीत. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि पावसाळा जिंकला! विद्यालयांतून यंत्रशास्त्र शिकलेल्यांनाही ही युक्ती सुचली असती की नाही, याची शंका वाटते.

परंतु माझ्या मते त्या संस्थेचे मर्म खाटेत नसून लाटणावळीच्या रोख हिशेबात आहे. सकाळी मळलेले पीठ वजन करून भगिनींस द्यावयाचे, त्यांनी घरी लाटून दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यावयाचे, तेथेच वजन व तपासणी होऊन लाटणावळ हाती पडावयाची. पीठ संस्थेचे, म्हणून बाईला वाण्याकडे उधार करावी लागत नाही. मजुरी त्वरित, म्हणून सावकार लागत नाही. तोटा आला तरी देणगी मागावयाची नाही, हाही निश्चय पहिल्यापासूनचा. आणि जी लाटील ती मालकीण. पुरुष पगारावर हिशेबनीस, वाहनचालक किंवा पहारेकरी म्हणून राहू शकतो, मालक म्हणून नाही. १९६६ मध्ये संस्था रीतसर नोंदली गेली व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज तिच्या सभासद भगिनी ४० हजारांहून अधिक आहेत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुष्कळांना त्यांचे नाव प्रथमच कळले.

या प्रयोगास निव्वळ सुवर्णकाळ म्हणून रंगविण्याचे कारण नाही. वजनावर मिळणारी मजुरी ही मजुरीच असते. पाटावर वाकून तासन् तास लाटणाऱ्या बाईची पाठ दुखावयाची ती दुखतेच, आणि घरकाम काही कमी होत नाही. खाणावळवालीशी तुलना केली तर तिची मिळकत मोठी असेलच असेही नाही. फरक एवढाच की तिला घाम गाळल्याचे पैसे मिळण्यासाठी कोणाच्या पगाराची, कोणाच्या संपाची किंवा कोणाच्या भिडेची वाट पाहावी लागली नाही.

गिरणगावाची वाट मात्र पुढे अवघड झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. या वेळी ४२ दिवसांनी भोंगा वाजला नाही. गडी गावी परतले, कित्येक परत आलेच नाहीत, आणि त्यांच्या नावापुढील बाकी वहीत तशीच राहिली. अन्नपूर्णा मंडळाने एकत्र स्वयंपाक करून बाहेर जेवण पुरविण्याचा मार्ग धरला. ज्या बायका कोणत्याही मंडळात नव्हत्या, त्यांनी भांडी विकली.

आपल्या समाजातील कितीतरी घरे या दोन वाटांपैकी एकीवरून चालून आली आहेत. ज्या कुटुंबांत आजीची, पणजीची खाणावळीची वही, दुकानाच्या उधारीचे खाते अथवा गहाणाची पावती अद्याप जपून ठेवली असेल, त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात पाहावयास आणावी, ही विनंती. नक्कल करून मूळ वही त्याच दिवशी परत केली जाईल. गड्यांची नावे वाचून कोणास संकोच वाटण्याचे कारण नाही. त्यांत आपल्या सर्वांचेच आजोबा असण्याचा संभव आहे.