सुटे भाग कुणाचे? : एका जुन्या जीपच्या निमित्तानं

निवेदकांनी माझी ओळख 'तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक' अशी करून दिली आणि विषय 'जीपचा इतिहास' असा सांगितला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला दिसलं ते. (हशा) त्यांची शंका रास्त आहे. मला गाडी चालवता येते, त्यापलीकडे गाडीतलं काही कळत नव्हतं. गेल्या दोन वर्षांत थोडं कळायला लागलं, आणि ते ज्यांच्यामुळे कळलं ते लोक आज इथं मागच्या खुर्च्यांवर बसले आहेत. त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे मला पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेपेक्षा जास्त भीती वाटते आहे.

गोष्ट अशी. माझ्या थोरल्या बंधूंनी, दादांनी, १९७४ साली एक जुनी जीप घेतली. महिंद्राची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटवाली, पेट्रोलवर चालणारी. कृष्णेकाठच्या मळ्यात ती तीसेक वर्षं राबली. मग बंद पडली, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली. २०१७ साली दादांनी ठरवलं की आता ही नीट उघडायची आणि पुन्हा जुळवायची. वर्षभर खपून त्यांनी ती शेवटच्या बोल्टपर्यंत सोडवली. प्रत्येक भागाला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलंच आहे. शेडमध्ये आठवडाभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर भाग बरेचसे सापडले, गाळात. चिठ्ठ्यांचा मात्र लगदा झाला होता. पुढच्या वर्षी दादा गेले.

तेव्हा माझ्याकडे उरलं काय? एक चॅसिस, पोत्यांत आणि डब्यांत भरलेलं लोखंड, आणि आरसी बुक. कुठला भाग कुठं बसतो हे ज्याला माहीत होतं तो माणूस नाही.

मी तीस वर्षं वर्गात मिलिंदपञ्ह शिकवला. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद. सागल नगरीतला, म्हणजे आजच्या सियालकोटातला असं मानतात. नागसेन राजाला विचारतो, आपण पायी आलात की वाहनानं? राजा म्हणतो, रथानं. मग रथ म्हणजे काय? दांडी का? आस का? चाकं का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग हे सगळे भाग एकत्र म्हणजे रथ? त्यालाही राजा नाही म्हणतो. शेवटी राजाच कबूल करतो की या सगळ्यांच्या आधारानं 'रथ' हे नाव वापरलं जातं, एवढंच. फळ्यावर मी दरवर्षी तोच रथ काढायचो. पण खरं सांगतो, त्या तीस वर्षांत एकदाही चाकाला हात लावला नव्हता. शेडमधल्या ढिगासमोर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की 'सगळे भाग एकत्र' याला राजा नाही का म्हणाला. सगळे भाग तिथं होते. जीप नव्हती.

माझ्या भाच्याचं म्हणणं होतं, काळजी कसली मामा, जीपचे भाग कुठलेही कुठेही बसतात, तीच तर तिची खासियत! त्याचं हे वाक्य मला सुटेना. कुठलाही भाग कुठेही बसतो, ही कल्पना आली कुठून? मग नेहमीप्रमाणे मी शेड सोडून पुस्तकांकडे गेलो.

ही कल्पना फार जुनी नाही. पूर्वी बंदूक बनायची ती एका कारागिराच्या हातून, आणि तिचा प्रत्येक भाग फक्त तिचाच असायचा. रणांगणात चाप मोडला की दुसऱ्या बंदुकीचा चाप चालत नसे, कानस घेऊन बसावं लागे. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लांक नावाच्या कारागिरानं यावर काम केलं. १७८५ साली थॉमस जेफरसन, तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील होता, त्याच्या कारखान्यात गेला. ब्लांकनं त्याच्यापुढे पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग खणाखणांत मांडून ठेवले होते. जेफरसननं हाताला येईल तो भाग उचलून स्वतः काही चाप जुळवले, आणि ते बसले. त्यानं हे मायदेशी पत्रानं कळवलं. तुमच्या लक्षात येतंय का? या सगळ्या इतिहासाची सुरुवात एका हौशी माणसानं टेबलावर बसून सुटे भाग जुळवण्यापासून होते. जेफरसन काही लोहार नव्हता.

पुढं १८०१ साली एली व्हिटनीनं वॉशिंग्टनमध्ये असाच प्रयोग करून दाखवला आणि वाहवा मिळवली. नंतरच्या संशोधकांनी त्याच्या बंदुका तपासल्या तर भागांवर जुळणीच्या खुणा सापडल्या. म्हणजे कुठला कुणाचा हे लक्षात ठेवावं लागत होतं! आमच्या परीक्षा विभागात याला वेगळा शब्द होता. (हशा)

खरी परीक्षा मोटारीच्या बाबतीत १९०८ साली झाली. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबनं तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सोडवल्या. तिन्हींच्या भागांचा एकच ढीग केला. वर ८९ भाग काढून घेतले आणि त्यांच्या जागी दुकानातले नवे दिले. मग मेकॅनिकांनी पाने आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. कानस वापरायची नाही. आणि त्या गाड्या ५०० मैल धावल्या. कॅडिलॅकचा हेन्री लेलँड तरुणपणी बंदुकांच्या कारखान्यात काम केलेला माणूस होता, म्हणजे विद्या ब्लांकच्याच घराण्यातली.

आणि या घराण्याचा कळस म्हणजे जीप. १९४० च्या जुलैत अमेरिकी लष्करानं १३५ कंपन्यांना विचारलं : हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या लहानशा, डबघाईला आलेल्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला गाठून तो वेळेत दिला. मोठी कंत्राटं मात्र विलिस आणि फोर्ड यांना गेली. बँटमवर हा अन्याय झाला असं माझं मत आहे, पण लष्कराला लाखांनी गाड्या हव्या होत्या. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप निघाल्या. फोर्डनं विलिसच्याच आराखड्यावर गाड्या बांधायच्या, म्हणजे कुठल्याही छावणीत एकीचा भाग दुसरीला बसेल, अशी अट होती. मोडलेल्या दोन जीपमधून एक चालती जीप करायची, ही युद्धातली रोजची गोष्ट झाली.

इथं एक गंमत आहे. फोर्डनं अट पाळली, पण आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर ठोकलं. आज जगभरातले हौशी लोक फोर्डची जीप पुन्हा उभी करताना हे 'एफ'चे बोल्ट शोधत फिरतात. जो बोल्ट कुणाचा हे कुणीच विचारू नये म्हणून घडवला, त्याच्याबद्दल आता एकच प्रश्न विचारला जातो : कुणाचा?

आपल्याकडे जीप आली तीही सुट्या भागांतच. कैलासचंद्र महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख होते, तिथं त्यांनी ही गाडी पाहिली. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाची कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. देशाचे आणि कंपनीचे भाग वेगळे होत होते त्याच सुमाराला मुंबईच्या बंदरात जीपचे भाग पेट्यांतून उतरत होते आणि माझगावात जुळवले जात होते. १९५४ पासून टप्प्याटप्प्यानं ते इथंच बनू लागले. विलिसनं १९५३ साली काढलेली थ्री-बी इथं पुढं कितीतरी वर्षं निघत राहिली. तुमच्या आठवणीत असेल, मागच्या पत्र्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेल्या जीप.

तर भाच्याचं म्हणणं इतिहासानं सिद्ध केलं होतं. मी खुशीत शेडमध्ये परतलो आणि एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या आमच्या मिस्त्रींना बोलावलं. ते मागे बसलेत. मी त्यांना जेफरसन सांगितला, ब्रुकलँड्स सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग पोत्यातून एक कनेक्टिंग रॉड काढला, पुसला, आणि म्हणाले, "सर, ती गाडी नवी होती."

मंडळी, माझ्या आयुष्यात माझा युक्तिवाद इतक्या थोडक्यात कुणी खोडलेला नाही.

त्यांनी दाखवलं ते असं. रॉडवर आणि त्याच्या कॅपवर पंचानं आकडा मारलेला असतो. एक नंबरच्या रॉडला एक नंबरचीच कॅप, आणि तीही त्याच बाजूनं. क्राउन आणि पिनियन ही जोडी असते, एक बदललं तर दुसरंही बदलायचं. पुढच्या चाकांच्या नकलमध्ये, किंगपिनच्या बेअरिंगपाशी, पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. डावीकडं किती, उजवीकडं किती, वर किती, खाली किती, हे प्रत्येक जीपचं वेगळं. एखादी जास्त झाली की स्टिअरिंग थरथरतं, एखादी कमी पडली की वळतच नाही. म्हणजे कारखान्यातून निघताना जे भाग कुणाचेही होते, ते चाळीस वर्षं एकमेकांवर घासून घासून एकमेकांचे झालेले असतात. कारखान्याच्या आराखड्यात हे नसतं. ते कुणाच्या तरी डोक्यात असतं, आणि आमच्या बाबतीत ते डोकं आता नव्हतं.

म्हणून माणसं जमवायला लागलो. आधी एका गॅरेजनं काम घेतलं होतं, सहा महिन्यांनी ढीग परत पाठवला, वर दोन पोती भंगारात घालायचा सल्ला दिला. मग मिस्त्रींनी त्यांच्या ओळखीचे लेथवाले आणले. बँकेतले एक अधिकारी आले, त्यांच्याकडे विलिसची जुनी दुरुस्ती-पुस्तिका आहे आणि ती ते हातमोजे घालून उघडतात. रविवारी डोंगरात जीप पळवणारी चार पोरं आली. त्यांच्या गाड्यांवर इतके दिवे आहेत की गणपतीत मांडव लागणार नाही, पण पोरं कामाची निघाली, चॅसिस त्यांनीच घासून काढली आणि गंजाखालचा नंबर सापडवला.

आणि मग वहिनी. इतके महिने त्या आम्हाला चहा देत होत्या आणि आम्ही घेत होतो. एके रविवारी शिमच्या चकत्या सगळ्या एका परातीत मिसळून आम्ही डोकं धरून बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, त्या डब्यांतून ओतल्या कशाला? डालड्याच्या डब्यात डावीकडच्या होत्या, चहाच्या डब्यात उजवीकडच्या. चिठ्ठ्या मीच लिहीत होते ना." दादा सोडवत होते आणि वहिनी शेजारी पाट टाकून लिहीत होत्या, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंही नव्हतं. परातीतल्या मिसळल्या त्या मिसळल्या, पण बाकीचे अकरा डबे अजून तसेच होते. त्या दिवसापासून वहिनी पाटावर आणि चहा भाचा करतो.

आता वाद आहे तो इंजिनाचा. पोरांना डिझेल हवं आहे, आणि त्यांची बाजू अगदीच कच्ची नाही. दार्जिलिंगजवळ मानेभंजनहून संदकफूला जुन्या लँड रोव्हर आजही चालतात, त्यांतल्या अनेकांत महिंद्राचं डिझेल इंजिन आहे, आणि तरी सगळे त्यांना लँड रोव्हरच म्हणतात. कायदा मात्र नागसेनाइतका उदार नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पण चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. तत्त्वज्ञानाला अडीच हजार वर्षं जे जमलं नाही ते परिवहन मंत्रालयानं तीन शब्दांत उरकलं. पण त्यातही मेख आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, एवढंच. आणि वहिनींना प्रदर्शनात जायचं नाही, मळ्यात जायचं आहे. डिझेलचं विचारलं तर म्हणाल्या, "वास येतो, मी बसणार नाही." तेव्हा पेट्रोल ठरलं, नंबरचं ठरायचं आहे. माझं मत विचाराल तर मला ती मळ्यात गेलेली आवडेल. बँकवाले साहेब माझ्याशी दोन आठवडे बोलत नाहीयेत.

सध्या चॅसिस चारही चाकांवर उभी आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस बसली. इंजिनाचं बोअरिंग झालं. अडलंय एका जागी : तीन नंबरच्या रॉडची कॅप पुरात गेली. लेथवर दाखवायला म्हणून दादांनी कॅपा सोडवून वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यातली ही एक. नुसती कॅप आणून चालत नाही, ते आता तुम्हाला माहीत आहे. म्हणून विनंती अशी की तुमच्यापैकी कुणाच्या वाड्यात, विहिरीवर, अडगळीत जीपचं जुनं हरिकेन पेट्रोल इंजिन पडलेलं असेल तर व्याख्यानानंतर मागे मिस्त्रींना भेटा. दर रविवारी दहा वाजता आम्ही शेडमध्ये असतो. फक्त एक करा, रॉड आणताना कॅप सोडवू नका. जोडीनं आणा.