वायपर : बिघाड आणि अतिउष्णता

मोटारीच्या पुढच्या काचेवरचा वायपर अडकला, त्याची मोटर तापली किंवा तिला मिळणारा संदेश तुटला, तर यंत्रणा स्वतःला कशी सांभाळते याविषयीची ही नोंद. मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये अमेरिकेत ज्या वायपरचे पेटंट मिळाले, तो आत बसून हाताने दांडी ओढून फिरवायचा होता. त्यात जळण्यासारखे काहीच नव्हते.

तो धोका विजेच्या मोटरबरोबर आला. फिरती मोटर स्वतःच विरोधी व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे विजेचा प्रवाह आटोक्यात राहतो. उन्हात कडक झालेले रबर, काचेच्या तळाशी साचलेली पाने किंवा थंड देशांत गोठलेला बर्फ यांमुळे पाते जाम झाले की मोटर थांबते आणि हा विरोध संपतो. प्रवाह कित्येक पटींनी वाढतो, तारांची वेटोळी तापू लागतात.

अनेक मोटरींत यासाठी दोन धातूंच्या पट्टीचा थर्मल ब्रेकर असतो. पट्टी तापली की वाकून जोडणी तोडते आणि निवली की पुन्हा जोडते. अडकलेला वायपर काही वेळ निपचित पडून अचानक उसळी मारतो, तो अनेकदा याचमुळे. पात्याखालची पाने काढण्याआधी स्विच बंद हवा, तो याचसाठी!

फ्यूजचे काम वेगळे. तो मुख्यतः वायरिंग वाचवतो आणि एकदा उडाला की बदलावाच लागतो. वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणे ही शुद्ध जोखीम आहे. मग मोटरआधी वायरिंगच जळू शकते.

मोटर वाचवायची, पण चालकाची नजरही झाकू द्यायची नाही, असा हा पेच आहे. २०१० च्या युरोपीय नियमाने म्हणूनच दुहेरी अट घातली: जाम झालेल्या वायपर यंत्रणेने सलग १५ सेकंद तग धरावा, आणि संरक्षणासाठी ती बंद पडलीच, तर वायपरच्या स्विचखेरीज कशालाही हात न लावता पूर्ववत व्हावी.

नव्या गाड्यांत हा निर्णय इलेक्ट्रॉनिक नियंत्रक घेतो. तो पात्याची जागा आणि मोटरवरचा भार पाहतो. काचेच्या तळाशी बर्फ लागला तर काही यंत्रणा पाते तेवढ्याच अंतरावरून मागे फिरवतात. पावसाच्या संवेदकाचा संदेश तुटला, तर काही गाड्या वायपर ठरावीक वेगाने चालू ठेवतात. अर्थात नियंत्रकही बिघडतो. जून २०२४ मध्ये टेस्लाने ११,६८८ सायबरट्रक परत बोलावले, कारण जास्त प्रवाहामुळे वायपर मोटरचा नियंत्रकच बंद पडू शकत होता. या गाडीला पुढे एकच भलामोठा वायपर आहे, त्यामुळे तो थांबला की दुसरा आधार नाही.

मोटरचा आवाज येतो, पण पाती हलत नाहीत, हा मात्र उष्णतेचा बिघाड नव्हे. बहुधा जोडदांडीचा प्लॅस्टिकचा बुश निसटलेला असतो किंवा पात्याच्या दांड्याचा नट सैल झालेला असतो. नवी मोटर घेण्याआधी ही दोन्ही ठिकाणे तपासून पाहावीत.