मारेगावच्या सातबाऱ्याचे आराखडेकार

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत 'एंटरप्राइज आर्किटेक्ट' म्हणून एक वजनदार माणूस असतो. तो स्वतः प्रोग्राम फारसे लिहीत नाही. कोणती माहिती कुठे जन्माला येते, ती बदलायचा अधिकार कोणाचा, तिच्या नकला कुठे जातात आणि दोन नकलांत तफावत पडली तर खरी कोणती मानायची, हे तो ठरवतो. आयबीएमच्या जॉन झॅकमन यांनी १९८७ साली एका लेखात या कामाची चौकट मांडली. १९९५ मध्ये 'टोगाफ' ही दुसरी चौकट आली आणि २०१८ मध्ये भारत सरकारनेही स्वतःची चौकट जाहीर केली. पुस्तकांतली वंशावळ एवढीच, जेमतेम चाळीस वर्षांची. पण हेच काम आपल्याकडे महसूल खात्याने फार आधीपासून केले आहे, आणि त्याचा पुरावा यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावसारख्या तालुक्यात कोणत्याही खातेदाराच्या घरी मिळेल. सातबारा.

मूळ शोधत मागे गेले तर पेशव्यांच्या पुण्यातली दोन दप्तरे लागतात. रोजचा व्यवहार 'चालते दप्तर' सांभाळी आणि साऱ्या खात्यांचा मेळ 'एलबेरीज दप्तरा'त बसे. व्यवहार एकीकडे आणि गोषवारा दुसरीकडे, ही वाटणी तेव्हाचीच. यवतमाळ ज्यात येतो त्या वऱ्हाडात मात्र दुअमली होती: निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघांचाही वसुलावर हक्क. एकाच शेताचे दोन धनी म्हटल्यावर हिशेबाची काय दैना होत असेल, हे आजच्या सिस्टिमवाल्यांना वेगळे सांगायला नको.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे आले. पुढच्या दशकात तिथे मुंबई इलाख्याची मोजणीची पद्धत नेण्यात आली. इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेली ही रयतवारी पद्धत. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळी लांब, साखळी रुंद तो एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताला नंबर मिळाला आणि आकारणी त्या नंबरावर बसली. माणूस मरतो, जमीन विकतो, परागंदा होतो, नंबर जागचा हलत नाही. संगणकाच्या कोष्टकात ओळख पटवणारा पक्का क्रमांक लागतो, तो हाच. शेजारच्या मध्य प्रांतात मालगुजारी होती, तिथे मालगुजार आधी आणि शेत मागाहून. वऱ्हाडचे दप्तर त्यामुळे सुरुवातीपासून वेगळ्या पायावर उभे राहिले. यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणीवरून ओळखत. १९०५ मध्ये नाव बदलले. मारेगाव नंतर बरीच वर्षे वणी तालुक्यातच होते.

मुंबई इलाख्यात अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने गावच्या हिशेबांचे नमुने एका मॅन्युअलमध्ये बांधले. तलाठी मंडळी आजही त्याला आदराने 'अँडरसन मॅन्युअल' म्हणतात. विदर्भात मात्र पटवाऱ्याचे पेरेपत्रक, कोतवाल बुक असा निराळाच कागद चालत होता. कोलाम, गोंड कुटुंबांना जातपडताळणीसाठी पणजोबाची जन्मनोंद शोधायला अजून त्या कोतवाल बुकाच्या पानांपर्यंत जावे लागते. राज्यभर एकच साचा आला तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मुळे. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली, आणि १९७१ च्या नियमांनी सातवा आणि बारावा नमुना एका कागदावर आणला.

या साच्यातली खरी अक्कल सहाव्या नमुन्यात आहे. सहा म्हणजे फेरफार नोंदवही. सातवर आज काय स्थिती आहे ते दिसते. ती तशी का झाली ते सहात असते. फेरफाराशिवाय सातवर अक्षर हलवायचे नाही. वारसाची नोंद घ्या. बाप वारला, पोरांनी अर्ज दिला, पटवाऱ्याने फेरफार धरला, हितसंबंधितांना नोटीस गेली, हरकतीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली. मगच सातवर बापाच्या नावाला कंस (ही २०२० पर्यंतची रीत) आणि पोरांची नावे खाली, शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. बापाचे नाव खोडले जात नसे. कंसातले नाव वाचता येई आणि वर्तुळातल्या नंबरावरून तीस वर्षांपूर्वीचे कारणही काढता येई. लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा. आजच्या बँकांचे संगणक याच तत्त्वावर चालतात आणि त्याला मोठमोठी नावे देतात.

मारेगावात या कागदाला आणखी धार आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून संहितेत कलम ३६ आणि ३६-अ आहेत, आणि गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी १९७४ चा कायदा आहे. कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, कुटुंबाचे संरक्षण सातबाऱ्यावरच्या एका शेऱ्यावर टिकून असते. तो शेरा नकलेत गाळला गेला तर कायदा पुस्तकातच राहायचा.

म्हणून संगणक आला तेव्हा प्रश्न टायपिंगचा नव्हता, साच्याचा होता. केंद्राने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेख संगणकीकरणाचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता, म्हणजे यवतमाळच्या नदीपलीकडचा जिल्हा. पहिल्या पिढीच्या प्रणालींनी सातबारा बहुतांशी छापील कागद समजून भरून घेतला. सहाचा सातशी जिवंत सांधा जुळला तो पुढे, 'ई-फेरफार'मध्ये, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या पथकाकडून. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची वर्दी तहसिलीतून तलाठ्यापर्यंत जाते. त्याआधी जुना हस्तलिखित सातबारा आणि पडद्यावरचा सातबारा ताडून पाहणे, गावात चावडी वाचन, कलम १५५ खाली दुरुस्त्या, असे कित्येक हंगाम गेले. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही, हे कागद मुकाट्याने सोसत होता. यंत्राने ते सोसले नाही. सर्व्हर डाऊन म्हणून रात्री जागून नोंदी भरणाऱ्या तलाठ्यांना आराखड्याच्या मीटिंगमध्ये कोणी खुर्ची दिली असती, तर निम्मा त्रास वाचला असता असे माझे मत आहे.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये नमुना बदलला: कंस गेला, कमी झालेल्या नावावर आडवी रेष आली, प्रलंबित फेरफार वेगळा दिसू लागला. मला कंसच बरा वाटायचा. पण छापील कागदावर रेष चटकन कळते हेही खरे.

मोठा बदल मात्र बाराव्या नमुन्यात झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढून, स्वतःची नोंद घालू लागला. पटवाऱ्याची लेखणी पहिल्यांदाच खातेदाराच्या हाती आली. कपाशीत तुरीची ओळ आहे, ती मिश्र पीक म्हणून कशी दाखवायची, हे आता त्यालाच ठरवायचे. पोडावर रेंज नसली की हा अधिकार टेकडी चढून गाजवावा लागतो.

एक सांधा अजून सुटाच आहे. शेताचा नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे आणि सातबारा तहसिलीकडे, ही विंगेटच्या काळापासूनची दोन घरे. सातबाऱ्यावर चार भावांचे चार हिस्से लिहिलेले असतात, नकाशावर मात्र एकच अखंड गट; पोटहिश्श्याची मोजणी झालेलीच नसते. प्रत्येक भूखंडाला स्वतंत्र ओळख क्रमांक द्यायची योजना आहे, पण तो क्रमांक बांधावर उतरायला मोजणीदार लागतो. मारेगावातले भाऊ तोवर धुऱ्यावरून भांडतात आणि प्रत्येकाच्या खिशात डिजिटल स्वाक्षरीचा, बरोबर असलेला सातबारा असतो.