पाण्याच्या सातजणी आणि मातीचे धनी

मावळात किंवा देशावर एखाद्या जुन्या विहिरीच्या काठाशी, ओढ्याच्या डोहापाशी, तळ्याच्या पाळीवर सात दगड ओळीने मांडलेले असतात. त्यांना घडीव रूप नाही, डोक्यावर छप्पर नाही, पुजारीही नाही. शेंदराची पुटं चढून मूळ दगडाचा रंग कधीच बुजलेला. पुढ्यात हिरव्या बांगड्या, फणी, खणाचा तुकडा, कुणीतरी ठेवून गेलेला दहीभात. या साती आसरा. मावळात त्यांना मावलाया म्हणतात.

त्यांची नावं परंपरेने सांगितली जातात ती अशी: मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर. सातांपैकी पाचजणी म्हणजे डोहात राहणारे जीवच आहेत. ज्याने कुणी ही नावं प्रथम ठेवली, त्याने पाण्यात वाकून नीट पाहिलं होतं, एवढं नक्की.

आसरांच्या भोवती नियमांचं दाट कुंपण आहे. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला एकटीने पाण्यावर जायचं नाही. ओल्या बाळंतिणीने तर नाहीच. त्यांच्या डोहात घाण करायची नाही. नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिला मान त्यांचा. यातलं काही चुकलं आणि घरातली बाई किंवा मूल आजारी पडलं, की म्हातारी माणसं म्हणणार, ‘आसरा लागल्या.’ मग ओटी भरायची आणि त्याच पाण्यावर जाऊन ठेवायची. दुसऱ्या गावच्या आसरा चालत नाहीत. ज्या डोहावर चूक झाली, ओटी त्याच डोहाची.

इथे या श्रद्धेचं मर्म सापडतं. पुराणातल्या देवांना कुठूनही हात जोडता येतात. आसरा, यक्ष, नाग, राखणदार यांना पत्ता असतो. अमुक झाड, अमुक वारूळ, अमुक पाणवठा. तिथून त्यांना हलवता येत नाही. म्हणूनच एखाद्या मुलखात कोण कधी आलं आणि आधीच्यांशी कसं वागलं, याचा माग या लहान दैवतांवरून फार चांगला काढता येतो.

आसरा म्हणजे मुळात अप्सराच, आणि अप्सरांचं पाण्याशी आणि झाडाशी नातं वेदांइतकं जुनं आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातलं एक सूक्त त्यांना वड-पिंपळांच्या, झोपाळ्यांच्या जागी नदीकडे निघून जायला सांगतं आणि अजशृंगी नावाच्या वनस्पतीच्या उग्र वासाने गंधर्व-राक्षसांना हुसकावून लावतं. शतपथ ब्राह्मणात उर्वशी आणि तिच्या सख्या पाणपक्षी होऊन सरोवरात पोहत असतात. स्वर्गातल्या नर्तकी ही त्यांची ओळख पुढची. आधी त्या पाण्यावरच्याच, आणि माणसाला थोड्या भीतिदायक.

मावळातल्या मावलायांकडे इतिहासाच्या नजरेने पाहिलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गणिताचा हा प्राध्यापक पुण्याभोवतीच्या टेकड्या, जुन्या पायवाटा आणि उघड्यावरची देवस्थानं पायी धुंडाळत असे. १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की यांतल्या कित्येक स्थानांपाशी अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं सापडतात आणि ही स्थानं गुराढोरांच्या जुन्या वाटांच्या कडेने आहेत. कार्ल्याच्या लेण्यातल्या सातवाहनकालीन लेखात या मुलखाचा उल्लेख ‘मामाल’ असा येतो. मावळ हे नाव आणि या पाण्याच्या आया यांचं नातं कोसंबींनी तिथवर नेऊन जोडलं. त्यांचा प्रत्येक दुवा सर्वांना पटलेला नाही. पण शेंदरी दगडासमोर उकिडवं बसून आजूबाजूच्या मातीत काय आहे ते बघायचं, ही त्यांची रीत मोलाची आहे. तोवर अशा दगडांकडे अडाण्यांचं काहीतरी म्हणून पाहिलं जाई.

नवा धर्म आला म्हणून जुने धनी उठून गेले नाहीत. सातमाळ्याच्या डोंगरातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात एक ठेंगणा, पोट सुटलेला, खुशीत हसणारा यक्ष सापडला. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलेल्या लेखात, कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला, असं म्हटलं आहे. बौद्ध भिक्खूंच्या विहाराच्या दारात, ख्रिस्तपूर्व काळात, या सोनाराला मातीतलाच एक रक्षक बसवावासा वाटला.

अजिंठ्याला हे आणखी स्पष्ट दिसतं. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात सोळावं लेणं खोदवलं. वाघोरा नदीकडून या लेण्याला चढायला लागलं की दारात दोन्ही बाजूंना हत्ती आणि आत वळताच भिंतीतल्या कोनाड्यात ऐसपैस बसलेला नागराजा. वराहदेवाच्या शिलालेखात या नागाच्या निवासाचा उल्लेख आहे. रिचर्ड कोहेन या अभ्यासकाने १९९८ मध्ये यावर एक सुंदर निबंध लिहिला. बुद्धाला या खोऱ्यात वस्ती करायची होती, तर खोऱ्याच्या मूळ मालकाची सोय लावणं भाग होतं, असा त्यांच्या मांडणीचा रोख. अजिंठ्याच्याच दोन क्रमांकाच्या लेण्यातली हारीती हे आणखी एक उदाहरण. मुलं खाणारी यक्षिणी तिथे मुलांची राखणदार होऊन मांडीवर मूल घेऊन बसली आहे.

तळकोकणात आणि गोव्यात हा व्यवहार आजही चालू आहे. तिथे सातेरी ही साक्षात भूमी, आणि तिचं मूळ रूप वारूळ. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात. काही देवळांत मूर्तीच्या जागी किंवा मुखवट्यामागे वारूळच आहे. गावाच्या शिवेवर देवचार, बागेत राखणदार. नांगर धरण्याआधी, घराचा पाया काढण्याआधी त्याला सांगायचं, त्याचा वर्षाचा मान द्यायचा. देवळात गाऱ्हाणं घालताना गावकर गावातल्या साऱ्या जागेवाल्यांची नावं घेतो, एकालाही वगळत नाही. मोठा निर्णय असेल तर कौल लावायचा: देवाच्या अंगाला पाण्याने कळे चिकटवायचे आणि उजवीकडचा आधी पडतो की डावीकडचा, हे श्वास धरून बघायचं.

या सगळ्याची पहिली मोठी लेखी मोजदाद झाली ती इंग्रजी अमलात. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींची एक प्रश्नावली तयार करून गावोगावच्या शाळामास्तरांकडे धाडली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जमलेली उत्तरं पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित केली आणि १९१५ मध्ये कोकणचा खंड निघाला. वेताळ, मुंजा, समंध, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, हडळ अशी त्यात रांग लागते. माहितीच्या आधारात बहुतेक ठिकाणी फक्त अमुक गावचा शाळामास्तर एवढंच असतं. त्या अनाम मास्तरांनी केलेलं काम आजही अभ्यासकांना लागतं.

ही श्रद्धा नुसती मोहक नव्हती, हेही सांगायला हवं. बाळंतिणीला ताप चढला आणि घरच्यांनी आसरांची ओटी भरण्यात वेळ घालवला, असं पिढ्यान्‌पिढ्या घडलं आहे. पाण्यावर कोणी, कधी, कोणत्या अवस्थेत जायचं, याचे नियम बायकांवरच अधिक पडले. देवऋष्यांच्या अघोरी उपचारांविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला, आणि तो करण्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना प्राण गमवावे लागले.

मात्र त्याच धाकाने राखलेलं रान आज समोर उभं आहे. देवराईतली काटकीही घरी न्यायची नाही, हा दंडक. मावळातल्या आजिवलीला वाघजाईच्या राईत भेरली माडाची झाडं त्यामुळेच टिकली. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात निरंकाराच्या राईत रानजायफळाची दलदल आहे, जगातल्या दुर्मिळ जंगलांपैकी एक. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावात कालकाईची धुपाची राई आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर कुऱ्हाड येणार असं दिसताच गावकऱ्यांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याकडे धाव घेतली आणि राई वाचली. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पुढे देवरायांचा जो पाठपुरावा केला, त्यामुळे शास्त्रज्ञांचं लक्ष या रानांकडे वळलं.

आता धोका वेगळ्या दारातून येतो आहे. मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून जीर्णोद्धार निघतो. उघड्यावरच्या देवीला सिमेंटचं देऊळ बांधतात, सभामंडप, फरशी, गाड्या उभ्या करायला मोकळी जागा, आणि त्यासाठी राईच्या कडेची झाडं पाडली जातात. भक्ती खरी असते, पैसा घामाचा असतो. पण जी देवी झाडांत होती ती स्लॅबखाली आली, की मागच्या रानाला धनी उरत नाही. मग सातबाऱ्यावर त्या जागेपुढे काय लिहिलं आहे, एवढाच प्रश्न राहतो, आणि बऱ्याच देवराया कागदोपत्री सरकारी किंवा खासगी मालकीच्या आहेत.