कपाटाची किल्ली : लेकरांच्या हाती पुस्तक कसं आलं त्याची हकीकत

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळातल्या तरुणांनी आम्हाला सांगितलं, "भाऊ, तुम्ही इतिहासावर लिहा." इतिहास म्हटला की महाड, येवला, नागपूर ही नावं समोर येतात. त्यावर लिहिणारे विद्वान आपल्या समाजात पुष्कळ आहेत. आम्ही पडलो डाळ मिलमधले कामगार. शाळा दहावीपर्यंत, पुढचं सगळं मागून आणलेल्या पुस्तकांवर. म्हणून ज्या कामात आमचे हात प्रत्यक्ष लागले त्याचाच इतिहास सांगतो. तो म्हणजे लहान शाळेतल्या लेकरांच्या हाती पाठ्यपुस्तक सोडून दुसरं पुस्तक येण्याचा इतिहास. हा विषय काहींना किरकोळ वाटेल. पण आपण विहारात बसतो, वंदना घेतो, त्याच्या मुळाशी असंच एक विद्यार्थ्याला दिलेलं पुस्तक आहे.

ही गोष्ट १९०७ ची. परळच्या डबक चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत, एका खोलीत सुभेदार रामजी आंबेडकरांचं कुटुंब राहत होतं. स्वयंपाक तिथेच, सरपण तिथेच, अभ्यासही तिथेच. त्या खोलीतला भीमराव मॅट्रिक झाला. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. हेच बोले पुढे मुंबई कायदे मंडळात गेले आणि १९२३ साली सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचा ठराव त्यांनी मांडला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावांना भेट दिलं.

ही भेट सभेपुरती नव्हती. केळुसकर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथे एक शाळकरी मुलगा रोज एकटाच वाचत बसलेला दिसे. गुरुजींनी एक दिवस चौकशी केली, ओळख झाली, आणि तेव्हापासून ते त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले. वाचक बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबून विचार करा. ना इमारत, ना शिपाई, ना अनुदान. एक देणारा, एक घेणारा आणि बागेतलं बाकडं. ग्रंथालयाला याहून जास्त काय लागतं ते आम्हाला आजवर उमगलं नाही.

दुसरी बाजूही विसरू नये. भीमरावांना पुस्तक हवं असलं की सुभेदार नाही म्हणत नसत. पेन्शन तुटपुंजी. मग ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे मागत, नसले तर त्यांचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत. म्हणजे गुरुजींच्या पुस्तकाच्या जोडीला त्या दोन बहिणींच्या अंगावरचा दागिनाही होता. आपल्या भाषणांत गुरुजींचं नाव कधी तरी येतं, त्या बहिणींचं येत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी केळुसकरांच्या त्या पुस्तकाचा उल्लेख केला आहे, आणि ते वाचून आपल्या मनावर खोल परिणाम झाल्याचं सांगितलं आहे. १९०७ ते १९५६, हिशेब केला तर एकोणपन्नास वर्षं. पेरणी आणि कापणी यांत इतकं अंतर असलेलं पीक आपल्या वऱ्हाडात तरी कोणी पाहिलेलं नाही.

ज्याला पुस्तकाची किंमत कळली तो ते दुसऱ्याला मिळावं म्हणून धडपडतो. २० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहं होती आणि वाचनालयंही होती. १९२५ च्या आरंभी सोलापुरात वसतिगृह निघालं. मुंबईत सभेनं मोफत वाचनालय चालवलं, आणि विद्यार्थ्यांचं 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही निघालं. चळवळ म्हणजे मोर्चा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही नोंद जरूर पाहावी. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, वाचनालय त्याच्या आधीचं.

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचं पोर. १८७५ साली दत्तक गेले तेव्हा धड लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्याच माणसानं १९०६ साली आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आलं की शाळा सुटली की पोरगं अक्षर विसरतं. घरात कागदाचा कपटा नाही, तर वाचणार काय? म्हणून १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे जाणकार बोलावले. ते तीन वर्षं राहिले आणि ग्रंथालयांचं खातं उभं करून गेले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग काढला. आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत मोठं काम म्हणजे फिरत्या पेट्या. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, सरकारी खर्चानं गावाला पाठवायची, वाचून झाली की ती परत येणार आणि दुसरी जाणार. गावाला स्वतःचं ग्रंथालय हवं असेल तर गावानं काही रक्कम जमवायची, तेवढीच सरकार आणि स्थानिक संस्था घालणार. फुकट मिळालं की किंमत राहत नाही आणि सगळंच गावावर टाकलं तर गरीब गाव कोरडंच राहतं. दोन्ही ध्यानात घेऊन केलेली ही योजना होती. याच सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ ला अमेरिकेला गेले. ती मिळवून देण्याच्या वाटेवर पुन्हा केळुसकर गुरुजीच उभे होते, कारण आधी कॉलेजसाठीच्या महिना पंचवीस रुपयांकरिता महाराजांकडे शब्द टाकणाऱ्यांत तेच होते.

अमेरिकेचं नाव निघालं म्हणून आमच्यासारख्या मिल कामगाराला सांगावीशी वाटणारी एक गोष्ट. अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडहून आलेल्या विणकराचा पोरगा. तेराव्या वर्षी सूतगिरणीत बॉबिन भरायच्या कामाला लागला, मजुरी आठवड्याला एक डॉलर वीस सेंट. त्याच्या गावात कर्नल अँडरसन नावाच्या गृहस्थांनी आपली चारशेक पुस्तकं कामकरी पोरांसाठी खुली केली होती. दर शनिवारी एक पुस्तक न्यायचं, पुढच्या शनिवारी परत करायचं. तो पोरगा पुढे पोलादाचा कोट्यधीश झाला आणि त्यानं जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधली. पण त्याच्याच होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ ला संप चिरडला गेला आणि कामगार मेले, हेही त्याच वहीत लिहून ठेवावं. आम्हाला त्याच्या अडीच हजार इमारतींपेक्षा कर्नलचे ते शनिवार मोठे वाटतात.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यातून गावोगाव वाचनालयं झाली. अ, ब, क, ड असे वर्ग पडले. मोठ्यांची सोय झाली, वर्तमानपत्रं आली. लहान पोरांची गोष्ट मात्र बाजूलाच राहिली. बालभारतीनं नोव्हेंबर १९७१ पासून 'किशोर' मासिक काढलं, चांदोबा होताच. पण मजुराच्या घरी मासिक विकत येत नाही. ते शाळेत यावं लागतं.

शाळेत पुस्तकं पोचवण्याचा मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे १९८७ ची खडू-फळा योजना. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य. साहित्यात नकाशे, पृथ्वीचा गोल, खेळाचं सामान आणि वाचायची पुस्तकंही. आपला भाग त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता, वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. पुस्तकं आली आणि लोखंडी कपाटात गेली. आम्ही एका शाळेत ते कपाट उघडायला लावलं तेव्हा आत नवी कोरी पुस्तकं, पानं एकमेकांना चिकटलेली, आणि खालच्या कप्प्यात वाळवी.

यात गुरुजींना शिव्या घालणं सोपं आहे. आम्ही घालत नाही. शाळेतली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर चढते. बदली झाली की एकेक नग मोजून चार्ज द्यावा लागतो. पुस्तक हरवलं तर जबाब कोणी द्यायचा? ज्याच्या नावावर पुस्तक, त्याच्या पगारावर डोळा. मग शहाणा माणूस कुलूप लावतो. पुस्तक दिलं नाही म्हणून कोणाला नोटीस आल्याचं आम्ही ऐकलं नाही, हरवलं म्हणून आलेली मात्र ऐकली आहे. दोष माणसात कमी आणि रजिस्टरात जास्त. भारतात ग्रंथालयशास्त्र ज्यांनी रुजवलं त्या रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच असा की पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसतं, वापरण्यासाठी असतं. युरोपात एके काळी पुस्तकं साखळीनं फळीला बांधत. आपल्याकडे साखळी नव्हती, गोदरेजचं कुलूप होतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असतील. गोष्टींची पुस्तकं असं कायद्यात आलं ही लहान गोष्ट नाही. याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आली, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक, आणि निम्म्या बाया. २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेला पुस्तकांसाठी वर्षाला पाच हजारांपर्यंत तरतूदही धरली गेली. आम्ही त्या समितीवर पालक म्हणून बसलो तेव्हा बैठकीत खिचडी, कंपाउंड आणि नळ यावर बोलणं होई. आम्ही किल्लीचा विषय काढला. समितीतल्या एका आईनं विचारलं, "पुस्तकं लेकराईसाठी आलीत ना? मंग कुलूप कायले?" याला कोणाजवळ उत्तर नव्हतं. समितीनं ठराव केला की फाटलं, हरवलं तर ते समितीच्या नावावर, गुरुजींच्या नाही. ठराव लिहिल्यावर कुलूप निघालं. गुरुजींनाच सगळ्यांत जास्त हायसं वाटलं.

पुढचं काम सोपं, पण रोजचं. शनिवारी शाळा सकाळची असते, तो दिवस देवघेवीचा. भिंतीला आडवी दोरी बांधून पुस्तकं तिच्यावर पालथी टाकली, म्हणजे पोरांना वरचं चित्र दिसतं. कपाटात नुसता कणा दिसतो, आणि पहिलीच्या पोराला कणा वाचता येत नाही. वहीत चारच रकाने : पोराचं नाव, पुस्तकाचा नंबर, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. वही चौथीतल्या पोरी लिहीत. त्यांचा हिशेब आमच्या मिलच्या पोत्यांच्या हिशेबापेक्षा चोख. फाटलेलं पान गव्हाच्या खळीनं चिकटवायचं. खळीत चिमूटभर मोरचूद घालावा, नाहीतर झुरळं लागतात. पण तो विषारी, म्हणून ते काम मोठ्यांनीच करायचं. दंड ठेवला नाही. दंड ठेवला की गरिबाचं पोरगं पुस्तक नेणंच सोडतं, हे आम्ही आमच्याच बालपणावरून सांगू शकतो.

पुस्तकं परत आली ती हळदीचे डाग घेऊन, एकावर चहाचा गोल, एकात कापसाची सरकी. एका मोठ्या साहेबांनी तपासणीत नाक मुरडलं. आम्ही म्हटलं, साहेब, डाग पडला म्हणजे चुलीपाशी वाचलं गेलं. कुठल्या तरी आजीनं ऐकलं असेल. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातली पोरं पुस्तक सोबत नेत आणि काही परत येतही नसत. दिवाळीनंतर गेलेलं एक पुस्तक उन्हाळ्यात आलं, पाठचं पान नाही, पण त्या पोराला ते पाठ.

आता आपल्या समाजाविषयी एक गोष्ट बोलतो, राग मानू नये. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांची जेवढी विक्री होते तेवढी क्वचित कुठे होत असेल. अभिमानाची गोष्ट आहे. १९७९ पासून सरकारनं काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाड खंड आपल्या घरोघरी शोकेसमध्ये आहेत. पण त्याच घरातल्या दुसरीच्या पोरीला वाचता येईल असं एक तरी पुस्तक आहे का? मोठ्या अक्षराचं, चित्राचं, माकडाचं, पावसाचं? ती इंग्रजीतले खंड कुठून वाचणार? पुस्तकाच्या पाया पडायला ती आधी शिकते, पान उलटायला नंतर. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात अशी किती पुस्तकं येतात, तो हिशेब ज्याचा त्यानं करावा.

मोबाईल आला, आता कोण वाचतो, असं म्हणणारे भेटतात. 'किशोर'चे जुने अंक मोबाईलवरही मिळतात, आम्ही स्वतः पाहिले. पण घरात मोबाईल एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप मिलमध्ये. दुसरी काळजी मोठी आहे. वीसच्या आत पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारनं २०२३ साली पुढे आणला. शाळा हलली तर कपाटही हलणार, आणि पाच-सहा वर्षांचं लेकरू पुस्तकासाठी दुसऱ्या गावाला चालत जाणार नाही.

म्हणून किन्हीराजात आपल्या विहारात एक पेटी ठेवली आहे, बडोद्याच्या धर्तीवर. पेटी मिलमधल्या जुन्या फळ्यांची, बिजागरी नवी. सध्या तीत लहान पोरांची चौसष्ट पुस्तकं आहेत. त्यांतली नऊ बाहेर आहेत. रविवारी वंदना झाल्यावर पेटी उघडते, ती कोणत्याही आळीतल्या, कोणत्याही जातीच्या लेकराला उघडी आहे. पेटीला कडी आहे, कुलूप बसवलेलं नाही. वही लिहायला आठवीतल्या दोघी पोरी येतात. त्यांची परीक्षा असली की आम्ही लिहितो, आमचं अक्षर त्यांना लागत नाही. पहिली-दुसरीसाठी मोठ्या अक्षराची पुस्तकं कमी पडताहेत. यंदा नागपूरला जाणाऱ्यांनी तेवढी ध्यानात ठेवून आणावीत.