सडक, वड आणि माकड

घाटात एस. टी. वळणावर मंदावली की कठड्यावर बसलेली माकडांची टोळी आपण सर्वांनीच पाहिली आहे. खिडकीतून कोणी शेंगा टाकतो, कोणी केळे. पोरे हसतात, गाडी पुढे जाते. मग कधी तेच माकड एखाद्या बाईच्या हातातली पिशवी ओढते, आणि आपण म्हणतो, "माकडं फार माजली!" श्रोतेहो, या माजण्याला एक इतिहास आहे; आणि तो माकडांचा कमी, आपल्या सडकांचा जास्त आहे.

सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात सांगून ठेवले आहे की, पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने आपण वड लावविले, आमराया लावविल्या. पशूंचा उल्लेख त्यात मुद्दाम आहे, हे ध्यानात घ्या. सडकेला झाडे लावण्याची ही चाल पुढे इंग्रजी अमदानीतही चालू राहिली. वड, पिंपळ, उंबर ही झाडे सगळी एकाच महिन्यात फळत नाहीत. एक सरते तोवर दुसरे पिकते. म्हणजे माकडांच्या दृष्टीने जुनी सडक हे कोसच्या कोस पसरलेले अन्नछत्रच होते, आणि वाढपी कोणी नव्हता!

आता बोरघाट घ्या. पूर्वी तिथून लदाऊ बैलांचे तांडे जात. १८३० साली गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली रेल्वे आली. बैलगाडीवाला झाडाखाली बैल सोडून भाकरी खाई. पण माकडाला वाटून देण्याइतकी भाकरी त्याच्या फडक्यात कुठली? पुढे मोटारी वाढल्या. सडका रुंद करायच्या म्हणून कितीतरी ठिकाणी कडेचे वड तोडले गेले. झाड गेले, आणि त्याच्या जागी गाडीतून बाहेर आलेला हात आला.

म्हैसूर भागात सडकांलगतच्या माकडांची १९८९ पासून २००९ पर्यंत पुन्हा पुन्हा मोजदाद झाली. टोळ्या फार घटलेल्या आढळल्या, आणि कडेची झाडे तुटणे हे त्याचे एक मोठे कारण होते.

वडावर फळे शंभर फांद्यांवर पसरलेली असतात. दांडगे माकड सगळी अडवू शकत नाही. केळ्याचा घड मात्र एकाच जागी पडतो. मग मारामारी होते, दुबळी मादी पिलासकट रस्त्यावर ढकलली जाते, आणि समोरून ट्रक येतो. ज्यांना खाणे मिळते ती रानात हिंडेनाशी होतात. माकड फळ गालात कोंबून दूर जाते आणि बी थुंकते, त्यातून रान वाढते. सडकेवर बसलेल्या माकडाकडून ते काम कसे व्हावे? काळ्या तोंडाच्या वानराची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याचे पोट कप्प्याकप्प्यांचे, पाला पचवण्यासाठी घडलेले. त्याला आपण बिस्किटे देतो, आणि वर हनुमंताचे पुण्य पदरात पडले असे समजतो!

शेतकरी बंधूंचा राग मला कळतो. हातातोंडाशी आलेला भुईमूग गेला की इतिहास कोण ऐकणार? तरी शिक्षकमंडळींना एक सुचवतो. आपल्या गावच्या सडकेवर पूर्वी कोणती झाडे होती, ती कोणत्या साली गेली, आणि माकडे गावात शिरू लागली ती त्याआधी की नंतर, हे मुलांकरवी गावच्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवून घ्या. झाडे कोणत्या साली पडली, ते त्यांना पक्के आठवत असते.