दर्शनी बाजू कुणाची?

घराच्या रस्त्याकडील अंगाला मराठीत ‘दर्शनी बाजू’ म्हणतात. या शब्दात पाहणाऱ्याचा विचार आधी आहे, राहणाऱ्याचा मागाहून. भिंत मालकाची, तिचे दर्शन मात्र येणाऱ्याजाणाऱ्याचे, अशी ही वाटणी आहे; आणि जुने घर नवे करायला घेतले की याच वाटणीवरून तंटा उभा राहतो. स्वतंत्र भारतात हा तंटा चंदीगढमध्ये जितक्या उघडपणे, कायद्याच्या भाषेत मांडला गेला, तितका क्वचितच दुसरीकडे मांडला गेला असेल. १९५० नंतरच्या दीडदोन दशकांत तेथे उभी राहिलेली घरे आता साठ-सत्तर वर्षांची झाली आहेत. त्यांचे बाह्यांग कसे नवे करावे, हा प्रश्न वरवर पाहता गवंडीकामाचा आहे. त्याच्या मुळाशी मात्र एका नगराच्या जन्माचा इतिहास आहे.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतात राहिलेल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या नगराचा पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी मॅथ्यू नोविकी यांच्या साहाय्याने केला. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मृत्यू पावले आणि १९५१ मध्ये हे काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. पुढे जगाने सारे चंदीगढ त्यांच्याच नावावर लावले. परंतु सचिवालय, विधानभवन आणि उच्च न्यायालय या वास्तू त्यांच्या असल्या, तरी माणसे ज्या सरकारी घरांत राहायला आली त्यांची रेखाटने त्यांचे नात्यातले भाऊ पिएर जाँनरे, इंग्लंडहून आलेले मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य आणि त्यांच्या हाताखालील तरुण भारतीय वास्तुशिल्पी यांनी केली. या भारतीयांत एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, यूली चौधरी यांच्याबरोबर प्रभावळकर आणि देठे ही मराठी कानाला ओळखीची वाटणारी आडनावेही आढळतात.

सरकारी नोकरांच्या घरांचे पगाराच्या पायरीप्रमाणे तेरा प्रकार ठरले होते. प्रत्येक प्रकाराला खर्चाची मर्यादा होती. सिमेंट आणि पोलाद दुर्मीळ, वीट मात्र जवळपास भाजली जाणारी आणि स्वस्त. म्हणून भिंती विटांच्या झाल्या आणि पुष्कळ ठिकाणी गिलावा न करता वीट उघडीच राहिली. जाँनरे यांनी विटांच्या जाळ्या केल्या, काही विटा पुढे काढून भिंतीवर छायेची नक्षी उमटवली, कोठे नदीतले गोटे भिंतीत बसवले. या साधेपणाला पुढे ‘शैली’ असे नाव मिळाले. जन्माच्या वेळी ती टंचाईतून काढलेली वाट होती. नव्याने रंगरंगोटी करणाऱ्याला जे रूप ‘अपुरे’ वाटते, त्याची कथा अशी आहे.

या घरांचे बाह्यांग शोभेपुरते नव्हते. चंदीगढच्या अक्षांशावर उन्हाळ्यातील मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंशांवर असतो, हिवाळ्यात तो सुमारे ३६ अंशांपर्यंत उतरतो. दक्षिणेच्या खिडकीवर पुरेसा पुढे आलेला आडवा छज्जा ज्येष्ठातले ऊन बाहेर थोपवतो आणि पौषातले ऊन खोलीत येऊ देतो. पश्चिमेचे तिरपे ऊन आडव्या छज्जाला जुमानत नाही. तेथे उभ्या पडद्या आणि जाळ्या लागतात. खिडकी भिंतीच्या आत खोल बसवली, की भिंतीची जाडीच तिच्यावर सावली धरते. गच्चीच्या कठड्याला जाळी ठेवावी, म्हणजे उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर निजणाऱ्यांना आडोसाही मिळतो आणि वाराही. दर्शनी बाजूच्या प्रत्येक रेषेकडे असे काही ना काही काम होते.

मग ती बदलली का? रहिवाशांना सौंदर्यदृष्टी नव्हती, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. विजेचा पंखा, पाण्याचा कूलर आणि शेवटी वातानुकूलन यंत्र आले, तशी माणसे गच्चीवरून खोलीत निजायला आली आणि कठड्याच्या जाळीचे काम संपले. कुटुंब वाढले, तेव्हा व्हरांड्याला तावदाने बसून त्याची खोली झाली. चोरीच्या भयाने लोखंडी गज आले. विटेला लोणा लागला, तेव्हा कुणी तिच्यावर तैलरंग फासला, कुणी दगडी लाद्या चिकटवल्या. यातील प्रत्येक बदलामागे एक खरी गरज होती. परंतु काचबंद झालेला पश्चिमेचा व्हरांडा पूर्वी खोलीवर सावली धरीत असे, तो आता स्वतःच तापू लागला. आणि रंगाने कोंडलेल्या विटेतला ओलावा बाहेर पडायला वाट न मिळाल्याने लोणा आतल्या आत अधिकच पसरला.

राज्यकर्त्यांना या प्रश्नाची चाहूल प्रारंभीच लागली होती. १९५२ च्या राजधानी विकास व नियमन कायद्याच्या चौथ्या कलमाने कोणत्याही इमारतीच्या दर्शनी भागाच्या वास्तुवैशिष्ट्यांविषयी आदेश देण्याचा अधिकार प्रशासकाला दिला. हा अधिकार जाचकही ठरू शकतो. आपल्या पैशाने घर बांधणाऱ्याने दुसऱ्याने आखलेल्या रेषेत का राहावे, ही तक्रार पोकळ नाही. तिला या नगराने दिलेले सर्वांत सुजाण उत्तर म्हणजे लहान घरांसाठीचा ‘चौकटी’चा नियम. दहा मरलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २५० चौरस यार्डांच्या भूखंडांवर, दोन्ही बाजूंच्या पुढे काढलेल्या भिंती आणि त्यांना वर जोडणारी आडवी पट्टी यांची उंची व खोली ठरवून दिली. फाटक आणि कुंपणाची भिंत ठरावीक नमुन्याची, दारे-खिडक्यांची काही मापे निश्चित. चौकटीच्या आत मात्र मालकाने आपली दर्शनी बाजू आपल्या मनाप्रमाणे करावी. चौकट रस्त्याची आणि तिच्या आतील भाग घराचा, अशी ती वाटणी होती.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली आणि चंदीगढ केंद्रशासित प्रदेश व दोन राज्यांची राजधानी झाले. पाच लाख माणसांसाठी कल्पिलेल्या नगराच्या या प्रदेशाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाखांवर गेली होती. जमिनीची किंमत वाढली, तसे एका कुटुंबासाठी आखलेल्या घराचे मजले निरनिराळ्या मालकांना विकले जाऊ लागले. एका दर्शनी बाजूला तीन मालक झाले, की तिला एक चेहरा उरणे अवघड. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील, म्हणजे १ ते ३० या सेक्टरांतील घरांची अशी मजलेवार विभागणी निषिद्ध ठरवली. न्या. भूषण गवई यांनी लिहिलेल्या या निकालाचा विषय भिंतींचा रंग नव्हता. तरीही घराचे रूप आणि घराची मालकी एकाच दोरीने बांधलेली असतात, हे त्यातून ध्यानात येते.

वारशाची मान्यता उशिरा आली आणि तीही मोठ्या वास्तूंना आधी. २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला तो राजधानी संकुलाचा परिसर. साध्या घरांच्या वस्त्या त्यात नाहीत. दरम्यान सरकारी कचेऱ्यांतून मोडीत निघालेल्या जाँनरेकालीन खुर्च्या परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा कुठे त्यांच्याकडे लक्ष गेले. खुर्ची निदान उचलून नेता येते आणि क्वचित परतही आणता येते. फोडून टाकलेली विटांची जाळी परत येत नाही. जाँनरे १९६५ पर्यंत चंदीगढमध्ये राहिले. १९६७ मध्ये जिनेव्हात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा सुखना तलावात विसर्जित झाली. सेक्टर ५ मधील त्यांच्या राहत्या घराचे २०१७ मध्ये संग्रहालय झाले.

पण प्रत्येक घराचे संग्रहालय करता येणार नाही, आणि करूही नये. त्यात माणसे राहिली पाहिजेत. तेव्हा बाह्यांग नवे करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की हा भाग कोणते काम करीत होता आणि ते काम अजून शिल्लक आहे काय? गच्चीवर निजणे संपले असेल. ऊन संपलेले नाही. म्हणून छज्जे आणि पडद्या राखाव्यात, विटेवरचा रंग शक्य तेथे हलक्या हाताने उतरवावा, दर्जा भरताना विटेपेक्षा मऊ असा चुन्याचा मसाला वापरावा, म्हणजे झीज सांध्याला होईल आणि वीट वाचेल. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग मागील अंगणात किंवा गच्चीवर न्यावा. जे नव्याने जोडायचे ते पुढच्या पिढीला मूळ भिंत न दुखावता काढता येईल, असे जोडावे.

या घरांच्या कर्त्यांनी मोजक्या पैशांत ऊन, वारा आणि शेजार यांचा विचार केला होता. त्यांची प्रत्येक रेघ पवित्र मानण्याची आवश्यकता नाही. चौकटीच्या नियमातील समजूत तेवढी टिकवावी: आत आपण हवे ते करावे, आणि रस्त्याने जाणाऱ्याचा त्या भिंतीवर थोडा हक्क आहे हे विसरू नये.